विश्लेषण : पैसा पक्षाचा, सही गव्हर्नरची… थिओडोर रुझवेल्ट यांनी पक्षश्रेष्ठींशी कसे जमवून घेतले? आणि कुठे नाही?

न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी १८९८ मध्ये रुझवेल्ट यांना तिकीट मिळाले, प्रचाराची रसदही मिळाली. दोन्ही देणारा माणूस एकच होता. निवडून आल्यावर त्याचे देणे कसे फेडायचे, हा प्रश्न पुढे आयुष्यभर त्यांच्या मागे राहिला.

अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकी गव्हर्नर थेट मतदारांकडून निवडून येतो. विधेयकावर सही करायची की ते रोखायचे हे तो ठरवतो, मोठ्या खात्यांचे प्रमुख नेमतो. अधिकारांच्या हिशेबाने तो आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळ जातो. साहजिकच या पदाच्या निवडणुकीत ज्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात ते पैसा ओततात आणि तो उमेदवारापर्यंत पोहोचवण्याचे काम पक्षसंघटना करते. ही व्यवस्था आतून कशी चालते हे ज्यांच्या चरित्रातून स्पष्ट दिसते, त्यात थिओडोर रुझवेल्ट यांचे नाव वरचे आहे. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांना शांततेचे नोबेल मिळाले, डोंगरात त्यांचा चेहरा कोरला गेला. त्या कीर्तीखाली गव्हर्नरपदाची दोन वर्षे झाकली गेली आहेत.

वडिलांच्या वाटेत कोण आले होते?

रुझवेल्ट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्क शहरातल्या एका श्रीमंत घरात झाला. लहानपणी दम्याने हैराण असलेल्या या मुलाचे वडील शहरातले नावाजलेले दानशूर गृहस्थ होते. १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेस यांनी वडिलांना न्यूयॉर्क बंदराच्या जकात कलेक्टरपदावर नेमायचे ठरवले. हे साधे पद नव्हते. जकात कार्यालयातल्या शेकडो नोकऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या कार्यकर्त्यांना वाटल्या जात आणि त्या नोकरदारांच्या पगारातून पक्षाचा निधी गोळा होई. राज्यातले पक्षाचे सर्वेसर्वा, सिनेटर रॉस्को कॉन्क्लिंग यांनी सिनेटमध्ये ही नेमणूक हाणून पाडली. काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १८७८ मध्ये, वडील कर्करोगाने गेले. तेव्हा कॉन्क्लिंग यांच्या गटातले एक प्रमुख शिलेदार होते थॉमस प्लॅट. वीस वर्षांनी त्याच प्लॅट यांच्या दारात मुलाला तिकिटासाठी जावे लागणार होते.

वयाच्या २३व्या वर्षी रुझवेल्ट राज्य विधिमंडळात निवडून आले. १४ फेब्रुवारी १८८४ रोजी एकाच घरात, एकाच दिवशी आई आणि पत्नी दोघींचा मृत्यू झाला. त्या धक्क्यातून सावरण्यासाठी ते डाकोटाच्या माळरानावर गुरे राखायला गेले. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढवली, तिसरे आले. मग १८८९ ते १८९५ केंद्रीय नागरी सेवा आयोगावर, नंतर शहराच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष आणि १८९७ पासून नौदल खात्याचे सहायक सचिव.

पक्षाकडे पैसा यायचा कुठून?

नागरी सेवा आयोगावरची सहा वर्षे इथे महत्त्वाची. सरकारी कारकून, टपाल कर्मचारी, जकात अधिकारी यांच्या पगाराचा ठरावीक हिस्सा निवडणुकीच्या आधी पक्षाला द्यावा लागे. न दिल्यास नोकरी जाई. १८८३ च्या पेंडलटन कायद्याने केंद्राच्या नोकरीत या वसुलीला आळा घातला. आयोगावर असताना रुझवेल्ट यांनी या कायद्याची अंमलबजावणी नेटाने केली, स्वतःच्या पक्षाच्या लोकांवरही बोट ठेवले.

हा नळ आटत गेला तसा दुसरा सुटला. रेल्वे, विमा, गॅस, ट्राम आणि बँका यांच्याकडून थेट पक्षाच्या तिजोरीत देणग्या येऊ लागल्या. म्हणजे ज्या सुधारणेसाठी रुझवेल्ट झटले, तिनेच पक्षांना कंपन्यांच्या दारात नेऊन बसवले, असे म्हणायला जागा आहे. न्यूयॉर्क राज्यात ही व्यवस्था पूर्णत्वाला नेली ती प्लॅट यांनी.

प्लॅट स्वतः उधळे नव्हते आणि पक्षाच्या पैशातून त्यांनी स्वतःचे घर भरले, असा आरोप रुझवेल्ट यांनीही कधी केला नाही. मृदू बोलण्यामुळे त्यांना ‘ईझी बॉस’ असे टोपणनाव पडले होते. ते मॅनहॅटनमधल्या फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलात राहत. तिथल्या दालनातल्या ज्या कोपऱ्यात त्यांची बैठक बसे, त्याला लोक ‘आमेन कॉर्नर’ म्हणत. कारण साहेबांनी शब्द टाकला की बाकीच्यांनी फक्त आमेन म्हणायचे. कंपन्या पैसे देत ते प्लॅट यांच्या हाती, बहुतेकदा रोख. प्लॅट त्यातून विधिमंडळाच्या उमेदवारांना प्रचारखर्च पाठवत. कोणाकडून लिहून घेतले जात नसे, कसली अट घातली जात नसे. पण निवडून आलेल्या आमदाराला आपला खर्च कोणी केला हे ठाऊक असे आणि एखादे विधेयक अडवायचे आहे असा निरोप आला की तो मुकाट्याने हात वर करी. देणाऱ्याला आपले काम झाल्याचे दिसे. मधल्या मध्ये लाच अशी कुठे दिसतच नसे. बऱ्याच कंपन्या सावधगिरी म्हणून दोन्ही पक्षांना देत. पुढे आत्मचरित्रात रुझवेल्ट यांनी या व्यवस्थेचे जे वर्णन केले, ते आजही वाचण्यासारखे आहे. कारण ते आतल्या माणसाचे आहे.

प्लॅट यांना रुझवेल्ट का हवे होते?

नको होते, हे खरे उत्तर. पण १८९८ च्या उन्हाळ्यात प्लॅट अडचणीत सापडले. रिपब्लिकन गव्हर्नर फ्रँक ब्लॅक यांच्या काळात ईरी कालव्याच्या ९० लाख डॉलरच्या कामात मोठी उधळपट्टी झाल्याचे चौकशीत निघाले होते. ब्लॅक यांनाच पुन्हा उभे केले तर हार नक्की होती.

त्याच सुमारास क्युबाच्या युद्धातून रुझवेल्ट परतले. ‘रफ रायडर्स’ या स्वयंसेवक पलटणीसह १ जुलै रोजी सान हुआन टेकड्यांवर केलेल्या चढाईने ते घराघरात पोहोचले होते. ऑगस्टमध्ये लाँग आयलंडच्या टोकावरील मोंटॉकच्या छावणीत प्लॅट यांचे दूत लेम्युएल क्विग त्यांना भेटायला गेले. प्रश्न सरळ होता : निवडून आल्यावर पक्षसंघटनेशी भांडण उकरून काढणार का? रुझवेल्ट यांनी सांगितले, की भांडण काढणार नाही, प्लॅट यांच्याशी सल्लामसलत करीन. मात्र शेवटी जे योग्य वाटेल तेच करीन. दोघांनीही या वाक्याचा आपल्याला हवा तो अर्धा भाग लक्षात ठेवला असावा.

१७ सप्टेंबरला रुझवेल्ट स्वतः फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलात जाऊन प्लॅट यांना भेटले. शहरातल्या अपक्ष सुधारकांनी त्यांना आपल्याही यादीत घेतले होते. पक्षाचे पूर्ण पाठबळ हवे तर दुसऱ्या यादीत पाय ठेवता येणार नव्हता. रुझवेल्ट यांनी अपक्षांची उमेदवारी सोडली. ते सुधारक मित्र यामुळे चांगलेच दुखावले आणि त्यांचा राग अनाठायी नव्हता.

तिकीट हातचे जाता जाता कसे वाचले?

अधिवेशनाला काही दिवस उरले असताना नवेच लचांड उभे राहिले. न्यूयॉर्कमधला कर वाचवण्यासाठी रुझवेल्ट यांनी त्याच वर्षी आपण वॉशिंग्टनचे रहिवासी आहोत असे प्रतिज्ञापत्र दिले होते. राज्यघटनेनुसार गव्हर्नर होण्यासाठी सलग पाच वर्षे राज्यात वास्तव्य हवे. ब्लॅक यांच्या गोटाने कागद बाहेर काढला. रुझवेल्ट माघार घेण्याच्या विचारात होते. प्लॅट यांनी, सान हुआन चढलेला माणूस घाबरला का अशा अर्थाने डिवचून त्यांना थांबवले, असे प्लॅट यांच्या बाजूने सांगितले जाते. वकील एलिहू रूट यांनी साराटोगा येथील अधिवेशनात कायद्याचा कीस आणि भावनेचा पूर यांचे मिश्रण करून प्रतिनिधींना पटवले. २७ सप्टेंबरला रुझवेल्ट यांना ७५३, तर ब्लॅक यांना २१८ मते पडली.

उमेदवाराच्या बाजूने संघटना उभी राहते म्हणजे काय, ते या प्रसंगात दिसते. पैसा नंतर आला. त्याआधी प्रतिनिधींची मते, वकील, अधिवेशनावरचा ताबा हे सगळे पुरवले गेले.

प्रचाराची सूत्रे पक्षाचे प्रदेशाध्यक्ष बेंजामिन ओडेल यांच्याकडे होती. सुरुवातीला उमेदवाराने फार फिरू नये असे त्यांना वाटत होते. वारे फिरत नाही म्हटल्यावर खास रेल्वेगाडी निघाली. गणवेशातले रफ रायडर्स सोबत, प्रत्येक स्थानकात आधी बिगूल, मग भाषण. पोर्ट जर्व्हिस येथे एका जवानाने भाबडेपणाने सांगून टाकले, की कर्नलसाहेबांनी आम्हाला मेंढरांसारखे कत्तलीकडे नेले आणि तुम्हालाही तसेच नेतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

खरी मदत मात्र विरोधकांनी केली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॅमनी हॉल या संघटनेचे प्रमुख रिचर्ड क्रोकर यांनी जोसेफ डेली या न्यायाधीशाला पुन्हा उमेदवारी नाकारली, कारण त्याने क्रोकर यांचा माणूस न्यायालयात कारकून म्हणून नेमला नव्हता. रुझवेल्ट यांना मुद्दा मिळाला. तेरा लाखांहून अधिक मतांत ते सुमारे १८ हजारांनी निवडून आले. इतक्या निसटत्या विजयानंतर पक्षाने हात दिला नसता तर काय झाले असते, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

पहिला नकार कसा दिला?

१ जानेवारी १८९९ रोजी कारभार हाती घेण्याआधीच प्लॅट यांनी आनंदाची बातमी दिली : सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख व्हायला सिराक्युजचे फ्रान्सिस हेन्ड्रिक्स तयार आहेत, त्यांची तारही आली आहे. हे पद रुझवेल्ट यांनी देऊ केलेच नव्हते. कालव्यांचा घोटाळा याच खात्यातला आणि हेन्ड्रिक्स कालव्यालगतच्या जिल्ह्यातले. रुझवेल्ट यांनी नाही म्हटले. प्लॅट भडकले.

मग निघालेला तोडगा पुढची दोन वर्षे चालला. रुझवेल्ट यांनी स्वतःला चालतील अशी चार नावे काढली, चौघेही पक्षाचेच, आणि त्यांतला एक प्लॅट यांनी निवडायचा. माणूस गव्हर्नरच्या पसंतीचा, मान प्लॅट यांचा. दर काही दिवसांनी, बहुधा शनिवारी, गव्हर्नर आल्बनीहून न्यूयॉर्कला येऊन प्लॅट यांच्याबरोबर न्याहारी करत. वृत्तपत्रांनी खिल्ली उडवली, सुधारकांनी नाके मुरडली. रुझवेल्ट यांचे म्हणणे असे, की विधेयके प्लॅट यांच्या आमदारांशिवाय मंजूर होत नाहीत आणि भेट उघड आहे, चोरून नाही.

या पद्धतीत शहाणपण होते, पण सोयही होती. कोणती नावे यादीत येऊ शकतात याची मर्यादा शेवटी पक्षच आखत होता.

कंपन्यांवर कर लावल्यावर काय झाले?

ट्राम, गॅस, वीज, दूरध्वनी कंपन्यांना सार्वजनिक रस्ते वापरण्याचा हक्क मिळालेला होता. या हक्काची किंमत प्रचंड, पण त्यावर कर शून्य. शेतकऱ्याच्या जमिनीवर कर आणि यांच्या हक्कावर नाही. सिनेटर जॉन फोर्ड यांनी हा हक्क स्थावर मालमत्तेसारखा धरून कर लावण्याचे विधेयक आणले. प्लॅट यांना वाटले, ते नेहमीप्रमाणे समितीत कुजेल. एप्रिल १८९९ मध्ये अधिवेशन संपत आले तेव्हा रुझवेल्ट यांनी तातडीचा संदेश पाठवला. विधानसभेच्या अध्यक्षांनी तो वाचलाच नाही, फाडून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा संदेश गेला. सोबत निरोप, की वाचला नाही तर मी स्वतः येऊन वाचीन. विधेयक मंजूर झाले.

आता ते सहीसाठी टेबलावर होते. कंपन्यांच्या एका प्रतिनिधीने स्पष्ट शब्दांत बजावले : सही केलीत तर यापुढे तुम्हाला कोणतीही उमेदवारी मिळणार नाही, कारण तुमचे नाव ज्या यादीत असेल तिला एकही कंपनी पैसा देणार नाही. प्लॅट यांनी ६ मे रोजी दीर्घ पत्र लिहिले. सूर दुखावलेल्या वडीलधाऱ्याचा होता. भांडवल आणि कामगार यांच्या बाबतीत तुम्ही जरा सैल आहात असे उमेदवारी देतानाच कानावर आले होते, ती भीती खरी ठरली, असा त्याचा मथितार्थ. रुझवेल्ट यांनी उत्तरात लिहिले, की कंपन्यांवर अन्याय नको तसा त्यांनी आपला वाटा चुकवणेही नको, आणि हे रिपब्लिकन पक्षाने केले नाही तर खरे माथेफिरू करतील.

तरी त्यांनी संवादाचे दार बंद केले नाही. कर आकारणी स्थानिक अधिकाऱ्यांऐवजी राज्याच्या मंडळाने करावी, ही कंपन्यांची मागणी त्यांना पटली. ती टॅमनीच्या हाती गेली तर तिचे हत्यार होईल हे उघड होते. त्यांनी २२ मेपासून खास अधिवेशन बोलावले, पण मूळ विधेयक खिशात ठेवले. दुरुस्ती करताना दात काढून घ्याल तर मूळ विधेयकावर सही करीन, ही तंबी पुरली. २७ मे रोजी कायदा झाला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही टिकला.

विमा खात्याचा प्रश्न कसा मिटला? खरोखर मिटला का?

१९०० च्या सुरुवातीला विमा अधीक्षक लुई पेन यांची मुदत संपत होती. ज्यांच्यावर देखरेख करायची त्याच विमा कंपन्यांना पेन पुन्हा हवे होते आणि याच कंपन्या पक्षाच्या मोठ्या देणगीदार. रुझवेल्ट ठाम राहिले. त्यातच पेन यांना एका ट्रस्ट कंपनीकडून चार लाख डॉलरहून मोठे कर्ज मिळाल्याचे बाहेर आले. प्लॅट नरमले. हळू बोलावे आणि हातात सोटा ठेवावा, ही म्हण रुझवेल्ट यांनी पत्रात लिहिली ती याच विजयाच्या आनंदात.

पेन यांच्या जागी आले फ्रान्सिस हेन्ड्रिक्स, कालव्यांसाठी नाकारलेले तेच. यादीतून निवडलेले, संघटनेला चालणारे. १९०५ मध्ये विमा कंपन्यांचा मोठा घोटाळा उघडा पडला तेव्हा त्या खात्याचे प्रमुख हेच होते. चार नावांच्या यादीची मर्यादा यापेक्षा नेमकी दाखवता येणार नाही.

प्लॅट यांनी रुझवेल्ट यांना राज्याबाहेर कसे काढले?

गव्हर्नरची मुदत तेव्हा दोन वर्षांची असे. पुन्हा उमेदवारी नाकारणे लोकप्रियतेमुळे अवघड होते. देणगीदार नाराज, म्हणून देणेही अवघड. प्लॅट यांनी वरचा रस्ता दाखवला. उपाध्यक्ष होबार्ट यांच्या निधनाने जागा रिकामी होती. जून १९०० मध्ये फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात रुझवेल्ट यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. ९२६ पैकी ९२५ मते, न मिळालेले एक मत त्यांचे स्वतःचे. न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नर झाले ओडेल. मग सप्टेंबर १९०१ मध्ये बफेलो येथे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, १४ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला आणि अडगळीत टाकलेला माणूस ४२व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाला.

देणाऱ्यांच्या रांगेत रुझवेल्ट स्वतः केव्हा आले?

ही बाजू अनेकदा वगळली जाते. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमधले रिपब्लिकन गव्हर्नरपदाचे उमेदवार फ्रँक हिगिन्स अडचणीत होते आणि प्रदेश समितीकडे पैसा नव्हता. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी रेल्वेसम्राट ई. एच. हॅरिमन यांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावले. त्यानंतर हॅरिमन यांनी स्वतःचे ५० हजार धरून सुमारे अडीच लाख डॉलर जमवले. ते पक्षाच्या राष्ट्रीय खजिनदाराकडे गेले आणि तिथून राज्यात आले. हिगिन्स जिंकले.

१९०७ मध्ये हॅरिमन यांचे जुने पत्र वृत्तपत्रात फुटले. पैसा रुझवेल्ट यांच्याच सांगण्यावरून जमवला, असा त्यांचा दावा होता. रुझवेल्ट यांनी त्यांना खोटारडे ठरवले. पैसा आपल्यासाठी नव्हता, राज्याच्या उमेदवारासाठी होता, असे सांगितले. बचाव तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. पण राष्ट्रीय तिजोरी, प्रदेश समिती आणि गव्हर्नरपदाचा उमेदवार यांच्यात पैसा कसा फिरतो आणि प्रत्येकाला तो दुसऱ्याचा आहे असे कसे म्हणता येते, हे प्लॅट यांच्या शिष्याला पुरते कळले होते.

दरम्यान १९०५ मध्ये राज्य विधिमंडळाच्या चौकशीत वकील चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी विमा कंपन्यांचे वहीखाते उघडले. न्यूयॉर्क लाइफने १९०४ मध्ये पॉलिसीधारकांच्या पैशातून रुझवेल्ट यांच्या प्रचारासाठी ४८ हजार डॉलरहून अधिक रक्कम राष्ट्रीय समितीला दिली होती. थकलेल्या प्लॅट यांनी साक्षीत विमा कंपन्यांकडून रोख रकमा घेतल्याचे आणि त्यातून एक नैतिक बांधिलकी निर्माण होत असल्याचे कबूल केले. याच चौकशीच्या बळावर ह्यूज १९०६ मध्ये स्वतः गव्हर्नर झाले.

त्याच डिसेंबरात रुझवेल्ट यांनी काँग्रेसकडे कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीची मागणी केली. जानेवारी १९०७ मध्ये टिलमन कायदा झाला, पण तो प्रामुख्याने केंद्रीय निवडणुकांपुरता. राज्याच्या गव्हर्नरपदासाठी नियम करणे राज्यांवर राहिले. न्यूयॉर्कने १९०६ मध्येच बंदी घातली होती. १९०७ च्या अखेरीस रुझवेल्ट यांनी आणखी पुढे जाऊन पक्षांचा खर्च सरकारने द्यावा असे सुचवले. ते कोणी मनावर घेतले नाही.

न्यायालयात काय घडले?

प्लॅट १९१० मध्ये वारले. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी रुझवेल्ट यांनी हार्वी हिनमन यांना पाठिंबा जाहीर केला आणि त्या निवेदनात रिपब्लिकन नेते विल्यम बार्न्स यांच्यावर डेमोक्रॅटिक बॉसशी संगनमताचा आरोप केला. हिनमन यांना तिकीट मिळाले नाही. बार्न्स यांनी मात्र ५० हजार डॉलरचा बदनामीचा दावा लावला.

एप्रिल १९१५ मध्ये सिराक्युज येथे खटला उभा राहिला. बार्न्स यांच्या वकिलांनी रुझवेल्ट आणि प्लॅट यांची जुनी पत्रे एकामागून एक काढली : न्याहाऱ्या, नेमणुका, सल्लामसलती. बॉसविरुद्ध बोलणारा हा माणूस स्वतः बॉसच्या हातून घडला, हे त्यांना ज्युरीपुढे मांडायचे होते. रुझवेल्ट अनेक दिवस साक्षीच्या पिंजऱ्यात होते. प्लॅट यांच्याशी जमेल तितके जुळवून घेतले आणि जमले नाही तिथे मोडले, हेच ते निरनिराळ्या शब्दांत सांगत राहिले. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला आलेल्यांत एक तरुण दूरचा नातलगही होता, डेमोक्रॅटिक पक्षाचा : फ्रँकलिन रुझवेल्ट. तेरा वर्षांनी तोही न्यूयॉर्कचा गव्हर्नर म्हणून निवडून येणार होता.

२२ मे १९१५ रोजी ज्युरीने थिओडोर रुझवेल्ट यांच्या बाजूने निकाल दिला. ६ जानेवारी १९१९ रोजी वयाच्या ६०व्या वर्षी ऑयस्टर बे येथील घरी, झोपेत त्यांचा मृत्यू झाला.